फुटबॉलवरील पैज आणि शेकड्याचा हिशेब

पैजेच्या पैशावर माणसाला वर्षानुवर्षे, टिकाऊपणे काही मिळवता येते काय, हा प्रश्न व्याख्यानमालेच्या मांडवात विचारावा की नाही, याविषयी काही श्रोत्यांच्या मनात किंतु येईल. आम्हांला तो अवश्य विचारण्याजोगा वाटतो. जुगार वाईट, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तो वाईट का ठरतो याचा पैपैचा हिशेब आपल्याला कोणी मांडून दाखवलेला नसतो. मग कोणी "आमच्याकडे शास्त्रशुद्ध पद्धत आहे" असे म्हणत पुढे आला, म्हणजे सुशिक्षित तरुणसुद्धा गोंधळतो. हा हिशेब पाहण्यासाठी आपण इंग्लंडात जाऊ. फुटबॉलवरील पैजेचा शंभर वर्षांचा इतिहास तिथे नीट नोंदलेला आहे.

१९२३ साली एका केबल कंपनीत तारा पाठवण्याचे काम करणाऱ्या तीन तरुणांनी प्रत्येकी ५० पौंड काढून एक धंदा सुरू केला. त्यांतला मुख्य जॉन मूर्स. वरिष्ठांना सुगावा लागला तर नोकरी जाईल, म्हणून धंद्याला स्वतःचे नाव देण्याची सोय नव्हती. तिघांपैकी एकाचे दत्तक जाण्यापूर्वीचे आडनाव लिटलवुड होते, तेच पाटीवर गेले. मँचेस्टरच्या मैदानाबाहेर पोरांकरवी ४,००० कूपने वाटली. भरून आली ३५. जमलेली रक्कम ४ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स! पुढे हल गावी १०,००० वाटली, तेव्हा परत आले एक. भागीदारांचा धीर सुटला. मूर्सने दोघांना त्यांचे प्रत्येकी २०० पौंड देऊन मोकळे केले आणि एकट्याने गाडा ओढला. १९३० च्या सुमारास तो लक्षाधीश झालेला होता.

त्याच्या हाती असे काय होते? फुटबॉलचे ज्ञान म्हणाल तर ते गल्लीतल्या कोणत्याही मजुराइतकेच. त्याची युक्ती 'पूल' या पद्धतीत होती, आणि तीही मूळची बर्मिंगहॅमच्या बर्नार्ड नावाच्या गृहस्थाची. सगळ्यांचे पैसे एका डोहात जमवायचे, त्यातून आपला खर्च व नफा आधी काढून घ्यायचा आणि उरलेले बरोबर ठरलेल्यांत वाटायचे. शनिवारी कोणता संघ जिंको, कोणता हरो, चालकाचे काही जात नाही. आपल्याकडे अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून 'नाल' काढतो ना, त्याचेच हे टपालाने चालणारे रूप. १९२० च्या कायद्याने फुटबॉलवर रोख पैशाने कूपनाची पैज लावण्यास बंदी होती. त्यावर तोड अशी की या आठवड्याचे कूपन आज पाठवावे आणि त्याचे पैसे सामने झाल्यावर पोस्टल ऑर्डरने धाडावे. हरलेला माणूस मागाहून प्रामाणिकपणे पैसे पाठवतो, या विश्वासावर एवढा मोठा धंदा उभा राहिला, याचे आम्हांला आजही नवल वाटते.

१९३६ साली फुटबॉल लीगने या मंडळींना जेरीस आणण्यासाठी सामन्यांचे वेळापत्रकच गुप्त ठेवून पाहिले. परिणाम असा की कोणता संघ कुठे खेळणार हे प्रेक्षकांनाही कळेना, मैदाने ओस पडू लागली आणि थोड्याच आठवड्यांत लीगला माघार घ्यावी लागली. १९५९ साली न्यायालयाने वेळापत्रकावर लीगचा स्वामित्वहक्क मान्य केला, तेव्हापासून त्याच लीगला पूलवाल्यांकडून वाटा मिळू लागला. १९६३ च्या हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली गेली, तेव्हा तर लॉर्ड ब्रॅबॅझन यांच्या अध्यक्षतेखाली जुन्याजाणत्या खेळाडूंची समिती लंडनमध्ये बंद खोलीत बसली आणि न झालेल्या सामन्यांचे 'निकाल' तिने जाहीर केले. खेळ थांबला तरी कूपन थांबता कामा नये!

आता खेळणाऱ्याची बाजू. दुसऱ्या महायुद्धानंतर 'ट्रेबल चान्स' हा प्रकार फार लोकप्रिय झाला. पन्नासएक सामन्यांच्या यादीतून बरोबरीत सुटणारे आठ सामने निवडायचे. ५४ सामन्यांतून ८ निवडण्याचे प्रकार १०४ कोटींच्या वर होतात. हे ओझे हलके करण्यासाठी लोकांनी 'पर्म' काढले. आठाऐवजी दहा सामने निवडले की आठ-आठांच्या ४५ ओळी होतात. बारा निवडले की ४९५. एका ओळीस एक पेनी धरली, तरी ४९५ ओळींना दोन पौंडांहून अधिक लागतात. १९६१ साली कॅसलफर्डच्या कीथ निकल्सन या खाणकामगाराची आठवड्याची मिळकत सुमारे सात पौंड होती, हे लक्षात घेतले म्हणजे दोन पौंडांचे वजन कळते. कीथला त्या वर्षी १,५२,३१९ पौंडांचे बक्षीस लागले. त्याची पत्नी विव्ह हिने आता फक्त खर्च करायचा, असे वार्ताहरांना हसत सांगितले. चार वर्षांनी कीथ मोटार-अपघातात गेला आणि पाठोपाठ पैसाही गेला. वृत्तपत्रांनी ही कथा पुष्कळ रंगवली. आम्हांला मात्र तिच्यापेक्षा ज्यांना काहीच लागले नाही, अशा लाखो घरांचा हिशेब अधिक बोलका वाटतो. ओळी वाढवल्या की संधी वाढते हे खरे. पण खर्च तितक्याच पटीने वाढतो आणि शेकडा तोटा जसाच्या तसा राहतो. १९८० नंतरच्या काळात पूलवरचा सरकारी कर शेकडा साडेबेचाळीसपर्यंत गेला होता. म्हणजे चालकाने आपली नाल काढण्यापूर्वीच शंभरातले साडेसत्तावन उरत.

तरीही खेळणाऱ्याला वाटे की आपण दैवावर नव्हे, अभ्यासावर खेळतो. हा वाद आपल्याकडेही न्यायालयात गेला होता, फुटबॉलवरून नव्हे, शब्दकोड्यांवरून. त्या काळी म्हैसूर राज्यात निघणारी बक्षिसांची कोडी मुंबई राज्यात खपत. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला प्रकरणात सांगितले की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. मात्र ज्या स्पर्धेत मुख्य भाग कौशल्याचा आहे, तिची गोष्ट निराळी. कायद्याला ही रेघ पुरते. घरखर्चाच्या वहीला ती पुरत नाही, कारण कौशल्य असले तरी ते नालेपेक्षा मोठे आहे काय, हा प्रश्न उरतोच.

तो कसा सोडवायचा याची खूण महाभारतात आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल राजा पुढे ऋतुपर्णाचा सारथी झाला. वाटेत ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाची पाने व फळे अंदाजाने अचूक सांगितली. नलाने झाड तोडून ती मोजून पाहिली, आणि अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्णाकडून अक्षविद्या घेतली. फाशांची विद्या आणि मोजणीची विद्या ही एकच, असे त्या कथाकाराला वाटले, हे किती मार्मिक!

फुटबॉलची मोजणी १९८२ साली माहेर या संख्याशास्त्रज्ञाने पद्धतशीर मांडली: प्रत्येक संघाचे चढाईचे बळ किती, बचावाचे किती, घरच्या मैदानाचा लाभ किती. १९९७ साली डिक्सन व कोल्स यांनी ती सुधारली. ताज्या सामन्यांना जास्त वजन दिले, ०-० किंवा १-१ अशा कमी गोलांच्या निकालांसाठी दुरुस्ती केली आणि आलेली संभाव्यता सट्टेवाल्याच्या भावाशी ताडून पाहिली. नफ्याची आशा दिसली ती फक्त जिथे दोहोंत ठळक अंतर होते, अशा मोजक्या सामन्यांत. बाकीच्या सामन्यांना हात न लावणे, हाच त्या पद्धतीचा मोठा भाग.

एवढ्याने काम भागत नाही. पैज किती रकमेची, यावर १९५६ साली बेल प्रयोगशाळेतील जॉन केली याने सूत्र दिले. समजा, बरोबरीच्या भावाच्या पैजेत शंभरांत ५५ वेळा आपण जिंकतो. केली म्हणतो, जवळच्या भांडवलाचा दहावा हिस्सा लावा. पाचवा हिस्सा लावाल तर जिंकण्याचे पारडे आपल्या बाजूला असूनही भांडवल दीर्घकाळात जागच्या जागी राहील. त्याहून जास्त लावाल तर ते झिजत झिजत संपेल. आणि जिंकण्याचे प्रमाण ५० किंवा कमी असेल, तर सूत्राचे उत्तर शून्य. हरल्यावर रक्कम दुप्पट करा, असा सल्ला देणाऱ्या कोणत्याही 'पद्धती'ला या गणितात जागा नाही.

सट्टेवाला तर बरोबरीचा भावही देत नाही. ११ लावा, जिंकलात तर १० मिळतील, असा भाव असेल तर नुसते फिटंफाट होण्यासाठी शंभरांत ५२ च्या वर वेळा बरोबर यावे लागते. आठवड्याला १०० रुपये लावणाऱ्याने शेकडा पाच तोटा धरला तर वर्षाला सरासरी २६० जातात. शेकडा पन्नास कापणाऱ्या पूलात २,६००. काही खेळाडूंनी खात्रीची वाट शोधली. १ डिसेंबर १९६२ रोजी शेफील्ड वेनस्डेच्या तिघांनी आपलाच संघ इप्सविचकडून हरेल अशी पैज लावली. संघ हरला, प्रत्येकाला सुमारे शंभर पौंड मिळाले आणि १९६५ साली तिघेही तुरुंगात गेले. त्यांतला पीटर स्वान इंग्लंडकडून १९ सामने खेळलेला होता.

या गणितावर खरोखर टिकलेले लोक आहेत. मॅथ्यू बेनम आणि टोनी ब्लूम यांनी संख्याशास्त्रज्ञ पगारावर ठेवून पैजेचा कारखानाच चालवला आणि त्यातून ते अनुक्रमे ब्रेंटफर्ड व ब्रायटन या संघांचे मालक झाले. पगारी माणसे, वर्षांची आकडेवारी, लांब हार सोसणारे भांडवल, एवढा सरंजाम असला तर ही पद्धत चालते. एकटा माणूस चिकाटीने जिंकू लागला तर काय होते? त्याच्या खात्यावर लावता येणारी रक्कम सट्टेवाला पौंडा-दोन पौंडांवर आणून ठेवतो. हरणाऱ्याच्या खात्यावर अशी मर्यादा घालण्याची घाई मात्र त्याला सहसा होत नाही.