क्लबनिवड, अमेरिकी सॉकरप्रेमींची

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या प्रेक्षकाने युरोपातील एखादा फुटबॉल क्लब आपला म्हणून ठरवण्याची रीत. लिव्हरपूल, नेपल्स किंवा डॉर्टमंडमध्ये जन्मलेल्या मुलाला हा प्रश्न सहसा पडत नाही. घर आणि गल्ली यांनी तो आधीच सोडवलेला असतो. अमेरिकेतही बेसबॉलचा संघ बहुधा गावावरून किंवा घरावरून मिळतो. युरोपीय क्लब मात्र महासागरापलीकडे असतो आणि बहुतेकांना तो कळत्या वयात निवडावा लागतो. या निवडीमागे स्थलांतर, दूरचित्रवाणी आणि पैसा यांचा मोठा इतिहास आहे.

काही समाजांत निष्ठा स्थलांतरितांबरोबरच आली. न्यू जर्सीतील कर्नी येथे १९ व्या शतकात स्कॉटलंडच्या दोरा आणि लिनोलियम कारखानदारांनी शाखा उघडल्या. त्यांच्या कामगारांनी फुटबॉल आणला, तो तिथे कायमचा रुजला. १९९४ च्या विश्वचषकात अमेरिकेकडून खेळलेले टोनी मिओला, जॉन हार्क्स आणि टॅब रामोस याच परिसरात वाढले. बॉस्टन आणि फिलाडेल्फियातील आयरिश वंशाच्या अनेक घरांचा ग्लासगोच्या सेल्टिकशी असाच जुना संबंध आहे. मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचा पहिला जीव मात्र क्लब अमेरिका किंवा ग्वादालाहारा या मेक्सिकोतल्या संघांवर असतो. युरोपचा क्लब दुसरा येतो, आणि तोही अनेकदा मेक्सिकन खेळाडू ह्यूगो सांचेझमुळे रेआल माद्रिद किंवा राफाएल मार्केझमुळे बार्सिलोना. अमेरिकी सॉकरप्रेमी म्हणजे इंग्लिश क्लब निवडणारा शहरी तरुण, असे चित्र सर्रास रंगवले जाते. त्यात या लाखो प्रेक्षकांना जागाच नसते, म्हणून ते अपुरे आहे.

ज्यांना वारसा नाही, त्यांची निवड सर्वाधिक घडवली दूरचित्रवाणीने. १९७० आणि १९८० च्या दशकांत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर ‘सॉकर मेड इन जर्मनी’ हा कार्यक्रम लागे. त्यात टोबी चार्ल्स यांच्या समालोचनासह जर्मन सामने संक्षिप्त रूपात दाखवत, आणि तो पाहून मोठी झालेली पिढी पुढेही जर्मन क्लबांचे नाव काढते. १९९७ मध्ये फॉक्स स्पोर्ट्स वर्ल्ड ही वाहिनी सुरू झाली. पण खरे वळण आले ते २०१३ मध्ये. एनबीसीने प्रीमियर लीगचे हक्क घेतले आणि हंगामातले सर्व ३८० सामने दूरचित्रवाणीवर किंवा इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने तिथल्या प्रेक्षकांना थेट दाखवत नाहीत, कारण लोकांनी मैदानावर जावे असा त्यामागचा हेतू आहे. तेच सामने न्यूयॉर्कमध्ये सकाळी दहाला आणि लॉस एंजेलिसमध्ये सकाळी सातला घरबसल्या दिसतात. ही वेळही महत्त्वाची आहे. शनिवारी सकाळी अमेरिकेत दुसरा कोणताही मोठा खेळ चालू नसतो, तर चॅम्पियन्स लीगचे सामने आठवड्याच्या मधल्या दिवशी ऐन कामाच्या वेळी येतात. इंग्लिश क्लबांचा अमेरिकेत एवढा दबदबा का, याचे उत्तर खेळाच्या दर्जापेक्षा या घड्याळात अधिक सापडते.

पडद्यावर जो जिंकताना दिसतो, त्याला चाहते मिळतात. १९९० च्या दशकातील मँचेस्टर युनायटेड, २००३-०४ चा लीग हंगाम एकही सामना न हरता पार करणारे आर्सेनल, मेस्सीच्या काळातील बार्सिलोना यांचे अमेरिकी पाठीराखे असेच वाढले. ईए स्पोर्ट्सच्या ‘फिफा’ या व्हिडिओ गेमचाही यात वाटा आहे. पुष्कळ मुलांना क्लबांची आणि खेळाडूंची नावे आधी त्या गेममधून कळली.

आपल्या देशाचा खेळाडू जिथे, तिथे आपण, हा आणखी एक मार्ग. पश्चिम लंडनचा फुलहॅम हा मध्यम ताकदीचा क्लब अमेरिकेत लाडका झाला तो ब्रायन मॅकब्राइड आणि क्लिंट डेम्प्सी यांच्यामुळे. मार्च २०१० मध्ये युरोपा लीगमध्ये युव्हेंटसविरुद्ध डेम्प्सीने गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू हलकेच उचलून गोल केला. तो गोल पाहून फुलहॅमचे झालेले अमेरिकी आजही भेटतात. गोलरक्षक टिम हॉवर्ड २००६ ते २०१६ या काळात एव्हर्टनकडे होता आणि त्याच्यामागून अनेक जण एव्हर्टनचे झाले. ख्रिश्चन पुलिसिकचे चाहते डॉर्टमंड, चेल्सी आणि एसी मिलान अशी वाट चालले. प्रत्येक मुक्कामी काही जण मात्र मागेच राहिले. ते खेळाडूमुळे आले आणि क्लबचे झाले. २०२० मध्ये ॲलेक्स मॉर्गन टॉटनहॅमला, तर टोबिन हीथ आणि क्रिस्टन प्रेस मँचेस्टर युनायटेडला गेल्या, तेव्हा महिला फुटबॉलच्या प्रेक्षकांचेही लक्ष तिकडे वळले.

मालकीचा परिणाम मात्र सरळ नाही. बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या मालकांनी २०१० मध्ये लिव्हरपूल घेतले आणि बॉस्टनकरांना एक सोयीचे नाते मिळाले. मँचेस्टर युनायटेडचे मालक असलेल्या ग्लेझर कुटुंबाकडे टॅम्पा बेचा अमेरिकन फुटबॉल संघही आहे, पण म्हणून कोणी युनायटेडवर प्रेम केल्याचे फारसे दिसत नाही. वेल्समधील रेक्सहॅम या क्लबची गोष्ट वेगळी. रॉब मॅकएलहेनी आणि रायन रेनॉल्ड्स या अभिनेत्यांनी २०२१ मध्ये तो ताब्यात घेतला, तेव्हा तो इंग्लिश रचनेच्या पाचव्या श्रेणीत होता. २०२२ पासून त्याच्यावर माहितीपट मालिका आली, पुढे २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे तो वरच्या श्रेणीत चढला. चढण्या-घसरण्याची ही व्यवस्था अमेरिकेच्या व्यावसायिक लीगांत नाही. त्यामुळे अनेकांना तिचा थरार इथेच प्रथम कळला.

काही जण विचारपूर्वक निवडतात. क्रीडालेखक बिल सिमन्स यांनी २००६ मध्ये इंग्लिश क्लबांचा तौलनिक विचार मांडून टॉटनहॅम निवडला, आणि तसे करणारे पुष्कळ निघाले. सतत जिंकणारा नको, पण बुडणाराही नको, मैदान जुने असावे, रंग आवडावा, मित्राचा क्लब असल्यास उत्तम, असे निकष सांगितले जातात. हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउलीची निवड बहुधा त्याच्या फॅसिझमविरोधी भूमिकेसाठी होते.

अशा निवडीला युरोपातले जुने पाठीराखे उथळ म्हणतात. हा आक्षेप अन्यायाचा आहे. पॅसिफिक किनाऱ्यावर पहाटे साडेचारला उठून सामना पाहणे हौसेने फार काळ होत नाही. न्यूयॉर्कमधील फुटबॉल फॅक्टरीसारख्या पबांत वेगवेगळ्या क्लबांची मंडळे जमतात. नवखा माणूस तिथे गाणी शिकतो, जुने पराभव ऐकतो आणि पुढचे पराभव त्या मंडळींबरोबर सोसतो. निवड एका दिवसात होते, निष्ठा या सहवासात बनते. २०२२-२३ मध्ये लीड्सकडे टायलर ॲडम्स, ब्रेंडन ॲरन्सन आणि वेस्टन मॅकेनी हे तीन अमेरिकी खेळाडू होते, आणि हंगामाचा बराच काळ जेसी मार्श हा अमेरिकी प्रशिक्षकही. तरी क्लब खालच्या श्रेणीत घसरला. त्यानंतरही जे लीड्सचे राहिले, त्यांना उथळ म्हणता येणार नाही.

उन्हाळ्यात क्लबच चाहत्यांकडे येतात. २ ऑगस्ट २०१४ रोजी मिशिगन स्टेडियमवर मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांचा सराव सामना पाहायला १,०९,३१८ प्रेक्षक होते. घरच्या मेजर लीग सॉकरशी युरोपीय क्लबाच्या प्रेमाचा विरोध असतोच असे नाही. सिएटल किंवा पोर्टलंडमधील अनेक जण सकाळी इंग्लिश क्लब पाहतात आणि संध्याकाळी शहराच्या संघासाठी मैदानावर जातात. जुलै २०२३ मध्ये मेस्सी इंटर मायामीत दाखल झाल्यावर तर बार्सिलोनाचे अमेरिकी चाहते मायामीचे गुलाबी शर्ट घेऊ लागले.