शुभेच्छापत्राचे वजन

१८४३ साली लंडनात हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून नाताळचे भेटपत्र काढवून घेतले, आणि पुढे छापील शुभेच्छांचा रिवाज पडला. आमच्या वऱ्हाडात ही हौस टपालाच्या तराजूत तोलावी लागली. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. पुढल्याच वर्षी देशभर पत्राला एकच दर झाला : पाव तोळ्यास अर्धा आणा. पाव तोळा म्हणजे जेमतेम ३ ग्रॅम! एवढ्यात कागदावर कागद चिकटवण्याची चैन कोठून व्हावी? दसऱ्याचे एखादे आपट्याचे पान गेले तर गेले. १८७९ साली पाव आण्याचे कार्ड निघाले, पण ते उघडे.

कागदाचे थर चढले ते पुढे, वजनाची सवलत वाढल्यावर. अमरावतीस आमची आई दिवाळीपूर्वी भेंडी आडवी कापून घटकाभर वाळू देई. नाही तर बुळबुळीत रसाने शाई फाकते. चिंधीवर शाई ओतून ठसा उठवला की पाच पाकळ्यांचे फूल! त्याखाली पतंगाचा कागद, त्याखाली जाड पुठ्ठा, सारे कणकेच्या खळीने चिकटवलेले. (दुकानातला गोंद तिला कधी पटला नाही.)

खरा पेच संक्रांतीला पडे. पाकीट उघडे ठेवून ‘बुकपोस्ट’ लिहिले तर तिकीट कमी. पण घडीतला हलवा सांडणार. वडील काटकसरीचे. आई मात्र पाकीट बंदच करी. अकोल्याहून मावशीचेही पाकीट बंदच येई; आत हलव्याचा चुरा. तो आम्ही भावंडे बोटाने टिपून खात असू.