सेन्सेक्सची मेणबत्ती आणि ‘आर’ भाषा

शेअर बाजारातील एका दिवसाचे सार चार आकड्यांत सांगता येते : सुरुवातीचा भाव, उच्चांक, नीचांक आणि अखेरचा भाव. हे चारही आकडे एकाच आकृतीत दाखवणाऱ्या आलेखास ‘कँडलस्टिक’ आलेख म्हणतात. सुरुवात आणि अखेर यांमधील अंतर म्हणजे मेणबत्तीचे खोड. त्याच्या वर आणि खाली निघणाऱ्या बारीक वाती उच्चांक व नीचांक दर्शवितात. अखेरचा भाव सुरुवातीपेक्षा वर असेल तर खोड हिरवे, खाली असेल तर लाल, असा आपल्याकडील प्रघात आहे. जपान व चीनमध्ये मात्र लाल रंग तेजीचा मानला जातो. या आलेखाचे मूळ जपानमधील तांदळाच्या व्यापाराशी जोडले जाते. स्टीव्ह निसन यांच्या १९९१ मधील पुस्तकाने तो पाश्चात्त्य जगात रुजविला.

असा आलेख घरच्या संगणकावर काढण्यासाठी ‘आर’ ही भाषा उपयुक्त ठरते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात ती घडविली. संख्याशास्त्रासाठी तयार झालेली ही भाषा विनामूल्य उपलब्ध आहे.

कामाचे टप्पे तीन. प्रथम ‘क्वांटमॉड’ या संचातील ‘गेटसिम्बॉल्स’ ही आज्ञा वापरून याहू फायनान्सवरून भाव उतरवून घ्यावेत. सेन्सेक्ससाठी ‘^’ या चिन्हापुढे ‘बीएसईएसएन’ लिहावे लागते. त्यानंतर रिकाम्या नोंदी गाळून, तारीख आणि चार भाव असे पाच रकाने असलेला साधा तक्ता बनवावा. शेवटी ‘प्लॉटली’ या संचाला आलेखाचा प्रकार ‘कँडलस्टिक’ असल्याचे सांगून कोणता रकाना कशासाठी, ते नेमून द्यावे. तयार आलेखावर माऊस नेला की त्या दिवसाचे चारही आकडे दिसतात आणि हवा तो कालखंड मोठा करून पाहता येतो. शनिवार-रविवारच्या रिकाम्या जागा ‘रेंजब्रेक्स’ या सोयीने वगळता येतात. आलेख वेबपानाच्या रूपात साठवला, तर ‘आर’ नसलेल्या संगणकावरही तो उघडतो.

अशा आलेखाचा खरा उपयोग कोणता, हे २३ मार्च २०२० या दिवसावरून कळते. करोनाच्या धास्तीने त्या सोमवारी सेन्सेक्स ३,९३४.७२ अंशांनी कोसळून २५,९८१.२४ वर बंद झाला. त्या दिवसाच्या मेणबत्तीचे लाल खोड मात्र जेमतेम १,६०० अंशांचे आहे. उरलेली पडझड कोठे गेली? शुक्रवारी २९,९१५.९६ वर थांबलेला निर्देशांक सोमवारी सुमारे २७,६०० वरच उघडला होता. म्हणजे निम्म्याहून अधिक घसरण दोन मेणबत्त्यांमधल्या मोकळ्या जागेत आहे. खालची मर्यादा गाठल्यामुळे व्यवहार ४५ मिनिटे बंद ठेवावे लागले, याचाही या मेणबत्तीत मागमूस नाही.

खोडाचा रंग आणि लांबी केवळ त्याच दिवसाच्या सुरुवातीशी तुलना करते. आदल्या दिवसाशी नव्हे. त्यामुळे आदल्या दिवसापेक्षा खाली बंद झालेल्या समभागाची मेणबत्तीही हिरवी असू शकते. दुसरी दक्षता बोनस समभागांची. इन्फोसिसने सप्टेंबर २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला, तेव्हा भाव एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर आला. पण गुंतवणूकदाराकडील समभाग दुप्पट झाले होते. बाजाराच्या दैनिक भावपत्रकातील मूळ आकडे तसेच वापरले, तर आलेखावर न घडलेला कडेलोट दिसतो. म्हणून आकडे बोनस व विभाजनानुसार सुधारलेले आहेत का, हे आधी तपासावे.

रंग पाहून खरेदी-विक्रीचा निर्णय घेण्यापूर्वी माऊस मेणबत्तीवर न्यावा, आदल्या दिवसाची अखेर वाचावी, आणि मगच पुढे जावे.