मावळे रंगविण्याचा छंद

दिवाळीच्या सुट्टीत भिवंडीसह महाराष्ट्रभर अंगणात मातीचे किल्ले उभे राहतात. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी स्वराज्यात आणली. त्यामुळे किल्ल्यावरील मावळे भिवंडीकरांना परके नाहीत. हे मावळे बाजारात रंगविलेलेच मिळतात. मात्र कोरे मावळे घेऊन घरी रंगविणे, हा मनाला विसावा देणारा छंद आहे.

असा छंद परदेशातही रुजला आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले. ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये आलेल्या 'वॉरहॅमर' या खेळातील सैनिक खेळाडू स्वतःच रंगवितात. अनेकांना तर खेळापेक्षा रंगकामच अधिक प्रिय असते.

साहित्य मोजकेच लागते. साच्याच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून धूळ पुसावी. माती पाणी शोषते, म्हणून आधी पांढऱ्या रंगाचा हात द्यावा. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर पाण्याने विरघळत नाहीत, त्यामुळे ते सोयीचे. एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत. प्रथम चेहरा व अंगरखा, नंतर पागोटे व ढाल रंगवावी. डोळे आणि मिशा शून्य क्रमांकाच्या कुंचल्याने शेवटी काढाव्यात.

येथे घाई उपयोगाची नाही. ओल्या थरावर दुसरा रंग दिल्यास दोन्ही बिघडतात. थांबणे भाग पडते आणि नजर एका लहानशा पागोट्यावर स्थिरावली की दिवसभराची दगदग मागे पडते. दिवाळीनंतर किल्ला मोडला जातो; रंगविलेले मावळे मात्र कापडात गुंडाळून पुढील वर्षासाठी जपून ठेवता येतात.