प्रक्षेपकाच्या सुट्या भिंगाचे पेटंट परीक्षण

प्रक्षेपकाच्या सुट्या भिंगाचे पेटंट परीक्षण म्हणजे प्रक्षेपकातून (प्रोजेक्टरमधून) काढता व पुन्हा बसवता येणाऱ्या भिंगाच्या रचनेवर पेटंट द्यावे की नाही, याची पेटंट कार्यालयाने कायद्यानुसार केलेली तपासणी. पेटंटला मराठीत एकस्व असेही म्हणतात. भारतात ही तपासणी पेटंट अधिनियम, १९७० आणि त्याखालील पेटंट नियम, २००३ यांनुसार होते. रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतील अर्जदार मुंबई येथील पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. भिंग सुटे होते ही बाब फार पूर्वीपासून ज्ञात असल्यामुळे अशा अर्जाचा निकाल जवळजवळ नेहमी एकाच प्रश्नावर ठरतो: भिंग बसवण्याच्या किंवा काढण्याच्या नेमक्या कोणत्या रचनेत नवे काय आहे आणि त्यातून कोणता तांत्रिक लाभ होतो.

== तांत्रिक पार्श्वभूमी ==

प्रक्षेपकातील भिंग लहान चित्राची मोठी प्रतिमा पडद्यावर पाडते. पडद्यापर्यंतचे अंतर आणि प्रतिमेची रुंदी यांच्या गुणोत्तराला प्रक्षेप गुणोत्तर म्हणतात. हे गुणोत्तर १.५ असलेल्या भिंगाने ३ मीटर रुंद प्रतिमा मिळवण्यासाठी प्रक्षेपक ४.५ मीटर अंतरावर ठेवावा लागतो; गुणोत्तर ०.८ असेल, तर २.४ मीटर अंतर पुरते. लहान वर्गखोली, सभागृह आणि चित्रपटगृह यांच्या गरजा वेगवेगळ्या असल्यामुळे एकाच यंत्राला निरनिराळी भिंगे लावण्याची सोय उपयोगी ठरते. चित्रपटगृहांत साध्या आणि रुंद पडद्याच्या चित्रपटांसाठी भिंग बदलण्याची पद्धत फिल्मच्या काळापासून रूढ आहे.

भिंग यंत्राला जोडण्याचे प्रमुख प्रकार तीन आहेत: आट्यांनी फिरवून बसवणे, नळीसारख्या धारकात सरकवून स्क्रूने आवळणे आणि खाचांत पाकळ्या अडकवून थोडेसे वळवून पक्के करणे. तिसरा प्रकार कॅमेऱ्यांत सर्वत्र आढळतो. भिंग पुन्हा बसवताना त्याचा अक्ष पूर्वीच्याच रेषेत यावा लागतो आणि चित्रापासूनचे त्याचे अंतर बदलून चालत नाही. शिवाय उघड्या तोंडातून धूळ आत जाणे, दिव्याच्या उष्णतेने धातूचे भाग प्रसरण पावणे आणि तीव्र प्रकाश डोळ्यांवर येणे या अडचणी सोडवाव्या लागतात. पेटंटयोग्य सुधारणा संभवते ती मुख्यतः या अडचणींच्या उत्तरांत.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

भारतात शोधांना संरक्षण देणारा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्याखालील पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डिपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केला होता. पुढे १९११ चा भारतीय पेटंट व अभिकल्प अधिनियम आला. पेटंटसंबंधी त्याची जागा १९७० च्या अधिनियमाने घेतली व तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. १९९९, २००२ आणि २००५ साली त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या.

भिंगातून पडद्यावर चित्रे दाखवण्याचा प्रघातही या भागाला जुना आहे. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून काचेवर रंगवलेल्या चित्रांचे ‘शांबरिक खरोलिका’ हे खेळ केले. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. प्रक्षेपकाच्या क्षेत्रात आज अर्ज करणाऱ्याला शतकाहून अधिक काळ साचलेल्या माहितीच्या पलीकडे काही दाखवावे लागते, हे यावरून लक्षात येते.

== पेटंट आणि अभिकल्प यांतील फरक ==

‘डिझाइन’ हा शब्द बोलण्यात यंत्राची रचना आणि वस्तूचे बाह्य रूप या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. कायद्यात मात्र त्यांचे मार्ग वेगळे आहेत. भिंग कसे अडकते, कसे सुटते आणि त्याचा अक्ष कसा राखला जातो, हा पेटंटचा विषय होय. भिंगाच्या कवचाचा आकार, नक्षी किंवा डोळ्यांना दिसणारे रूप यांचे संरक्षण अभिकल्प अधिनियम, २००० खाली होते. या अधिनियमातील व्याख्येतून बांधणीचे तत्त्व आणि निव्वळ यांत्रिक साधन वगळलेले आहे.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. अभिकल्पाची मुदत १० वर्षे असून ती आणखी ५ वर्षांनी वाढवता येते. एकाच वस्तूसाठी दोन्ही प्रकारचे अर्ज करता येतात. तथापि केवळ अभिकल्पाची नोंदणी केलेल्या अर्जदाराला तीच जोडणी वेगळ्या आकाराच्या कवचात वापरणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला सहसा रोखता येत नाही.

== परीक्षणाचे निकष ==

=== नावीन्य ===

अर्जाच्या तारखेपूर्वी तीच रचना भारतात किंवा अन्यत्र कोणत्याही दस्तऐवजात प्रसिद्ध झालेली असेल, तर नावीन्य संपते. दस्तऐवजाच्या भाषेचे बंधन नाही. मराठी नियतकालिकातील सचित्र लेखही पूर्वज्ञान ठरू शकतो. परीक्षक पेटंटांच्या संग्रहात आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या साहाय्याने शोध घेतो. प्रक्षेपकांसाठी जी०३बी २१ आणि अदलाबदल करता येणाऱ्या भिंगांच्या जोडणीसाठी जी०२बी ७/१४ हे वर्ग विशेष उपयुक्त आहेत. कॅमेऱ्यांच्या भिंगजोडणीचे दस्तऐवजही तपासले जातात, कारण तेथील उपाय प्रक्षेपकाला सहज लागू होऊ शकतात.

=== शोधकता ===

रचना नवी असली, तरी त्या क्षेत्रातील जाणकार व्यक्तीला ती उघड सुचण्याजोगी नसावी. तिच्यात पूर्वज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असावे लागते. या निकषासंबंधी बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निवाडा मूलभूत मानला जातो. मिर्झापूरच्या भांडी उद्योगात कातकामासाठी भांडे पकडून ठेवण्याच्या साधनावर घेतलेले पेटंट त्यात रद्द ठरले. कारखान्यात नेहमी होणारी साधी सुधारणा पेटंटला पुरत नाही आणि पेटंट मिळाले म्हणून त्याची वैधता सिद्ध होत नाही, ही दोन्ही तत्त्वे त्यात मांडली आहेत. पकडून ठेवण्याच्या साधनाचा तो वाद असल्यामुळे भिंगधारकाच्या अर्जाशी त्याचे साम्य जवळचे आहे.

=== औद्योगिक उपयोग आणि वगळलेले विषय ===

भिंगाची जोडणी कारखान्यात तयार करता येत असल्यामुळे औद्योगिक उपयोगाचा निकष येथे क्वचितच अडसर ठरतो. अधिक महत्त्वाचे आहे ते कलम ३ चे खंड (एफ). प्रत्येक भाग आपापले ज्ञात काम स्वतंत्रपणे करत असेल, तर अशा ज्ञात साधनांची केवळ मांडणी किंवा फेरमांडणी या खंडानुसार शोध मानली जात नाही. सुटे भिंग, धूळरोधक झाकण आणि दिव्याचे बटण एकाच खोक्यात आणणे या कारणाने नाकारले जाऊ शकते.

== दाव्यांचे उदाहरण ==

पेटंटचे संरक्षण विनिर्देशाच्या शेवटी लिहिलेल्या दाव्यांपुरते मर्यादित असते. दाव्याच्या शब्दरचनेनुसार परीक्षणाचा निष्कर्ष कसा बदलतो, हे पुढील तीन काल्पनिक दाव्यांवरून समजते.

पहिला दावा: ‘भिंग काढता येते असा प्रक्षेपक’. असे प्रक्षेपक पूर्वीपासून प्रचारात असल्यामुळे येथे नावीन्यच नाही.

दुसरा दावा: ‘ज्याचे भिंग तीन पाकळ्यांनी अडकवून वळवल्यावर पक्के बसते असा प्रक्षेपक’. एका दस्तऐवजात स्क्रूने बसणाऱ्या भिंगाचा प्रक्षेपक आणि दुसऱ्यात पाकळ्यांची जोडणी असलेला कॅमेरा आढळला, तर दोहोंची सांगड घालणे जाणकाराला सहज सुचले असते, असा आक्षेप परीक्षक घेईल.

तिसरा दावा: ‘भिंग वळवण्याच्या हालचालीनेच आतील झडप मिटते आणि झडप पूर्ण मिटल्याखेरीज भिंग सुटत नाही असा प्रक्षेपक’. येथे झडप आणि जोडणी परस्परांवर अवलंबून आहेत. प्रकाश व धूळ या दोन्ही अडचणी एकाच हालचालीने सुटतात, असा युक्तिवाद अर्जदाराला करता येतो. परीक्षकाला हीच परस्परसंबद्ध रचना पूर्वज्ञानात सापडते की नाही, यावर पुढील निर्णय अवलंबून राहील.

दाव्यांत दुरुस्ती करता येते. मात्र मूळ विनिर्देशात नसलेली बाब नंतर घालता येत नाही. झडपेचे वर्णन आणि आकृती प्रथमच दिली नसेल, तर आक्षेप आल्यावर तिचा आधार घेण्याचा मार्ग उरत नाही. त्यामुळे मूळ विनिर्देशात पर्यायी रचना, भागांचे परस्परसंबंध आणि कार्यपद्धती यांचे पूर्ण वर्णन असणे आवश्यक ठरते.

== प्रक्रिया ==

अर्ज हंगामी किंवा संपूर्ण विनिर्देशासह करता येतो. हंगामी विनिर्देश दिल्यास १२ महिन्यांत संपूर्ण विनिर्देश द्यावा लागतो. साधारणपणे १८ महिन्यांनंतर अर्ज पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो. परीक्षण आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी स्वतंत्र विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासून केलेल्या अर्जांसाठी ही विनंती ३१ महिन्यांत करणे बंधनकारक आहे. त्यापूर्वीच्या अर्जांसाठी ४८ महिन्यांची मुदत होती. विनंती न केल्यास अर्ज मागे घेतल्याचे मानले जाते.

परीक्षकाच्या आक्षेपांचा पहिला परीक्षण अहवाल अर्जदाराला पाठवला जातो. त्याला ६ महिन्यांत उत्तर द्यावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी विनंती केल्यास आणखी ३ महिने मिळू शकतात. उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. एका अर्जात भिंगाची जोडणी आणि दिव्याची शीतनव्यवस्था असे दोन असंबद्ध शोध असतील, तर अर्ज विभागण्यास सांगितले जाते. अर्जदाराविरुद्ध निर्णय देण्यापूर्वी नियंत्रकाने मागणीनुसार त्याला सुनावणी द्यावी लागते.

अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर आणि पेटंट मिळण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. पेटंट मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यावर एका वर्षाच्या आत हितसंबंधित व्यक्तीला हरकत घेता येते. नियंत्रकाने अर्ज नाकारल्यास अपील उच्च न्यायालयात करावे लागते. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ साली बरखास्त होईपर्यंत अशी अपिले त्या मंडळाकडे जात असत.

== कर्जत व खालापूर येथील अर्जदार ==

अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा हे अर्जदाराचा निवास, व्यवसायाचे ठिकाण किंवा शोधाचे उगमस्थान यांवरून ठरते. कोलकाता येथे मुख्यालय असलेल्या पेटंट कार्यालयाच्या दिल्ली, चेन्नई आणि मुंबई येथे शाखा असून महाराष्ट्र मुंबई शाखेकडे आहे. अर्ज संगणकीय पद्धतीने करता येत असल्यामुळे कर्जत किंवा खोपोलीहून प्रत्यक्ष जाण्याची आवश्यकता राहत नाही. सुनावणीही दृक्‌श्राव्य माध्यमातून होऊ शकते.

या भागात प्रक्षेपणाशी संबंधित गरजा शाळा-महाविद्यालयांपुरत्या मर्यादित नाहीत. कर्जतजवळील एन. डी. स्टुडिओ आणि खालापूर तालुक्यातील खोपोली–पाली मार्गावरील इमॅजिका हे मनोरंजन उद्यान यांमुळे चित्रपट व दृश्य करमणुकीचा व्यवसाय येथे पोहोचला आहे. अशा ठिकाणी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला किंवा लहान कार्यशाळेला सुचलेली सुधारणाही पेटंटचा विषय होऊ शकते. त्यासाठी पदवीची अट नाही.

वैयक्तिक अर्जदार, नवउद्यम, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांच्यासाठी संगणकीय अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या सर्वसाधारण विनंतीचे शुल्क ४,००० रुपये आहे. इतरांसाठी हे आकडे अनुक्रमे ८,००० आणि २०,००० रुपये आहेत. विनिर्देश ३० पानांपेक्षा मोठा असेल किंवा दावे १० पेक्षा अधिक असतील, तर जादा शुल्क पडते. पेटंट मिळाल्यावर ते टिकवण्यासाठी तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्क द्यावे लागते.

कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीत सादर करावी लागतात; मराठीतील विनिर्देश स्वीकारला जात नाही. कार्यशाळेत मराठीतून समजावलेली रचना दाव्याच्या भाषेत उतरवताना एखादा भाग वगळला गेला, तर संरक्षण त्या प्रमाणात आक्रसते. म्हणून मसुदा दुसऱ्याने लिहिला असला, तरी प्रत्येक दावा आकृतीशी ताडून पाहणे शोधकर्त्याच्या हिताचे असते.

== पूर्वप्रकटनाचा धोका ==

अर्जापूर्वी रचना जाहीरपणे दाखवणे हे पेटंट हुकण्याचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे. विक्री, जाहीर प्रात्यक्षिक, समाजमाध्यमावरील चित्रफीत किंवा महाविद्यालयाच्या स्मरणिकेतील लेख यांमुळे शोधकर्त्याचीच माहिती त्याच्याविरुद्ध पूर्वज्ञान म्हणून वापरली जाऊ शकते. कायद्यात काही मर्यादित अपवाद आहेत. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडल्यास किंवा विद्वत्संस्थेपुढे निबंध वाचल्यास १२ महिन्यांत अर्ज करता येतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला ही सवलत आपोआप मिळत नाही. रचनेची व्यवहार्यता पाहण्यासाठी जाहीर चाचणी अपरिहार्य असेल, तर त्यासाठीही एका वर्षाची मर्यादित मुभा आहे.

गोपनीयतेच्या अटीवर सहकाऱ्याला किंवा सुटे भाग बनवणाऱ्याला दिलेली माहिती जाहीर प्रकटन ठरत नाही; मात्र अशी अट लेखी असणे इष्ट असते. भारतीय पेटंट भारतापुरतेच लागू असते. अन्य देशांत संरक्षण हवे असल्यास भारतातील पहिल्या अर्जाच्या तारखेचा अग्रक्रम सांगून सर्वसाधारणपणे १२ महिन्यांत तेथे, किंवा पेटंट सहकार्य कराराखाली, अर्ज करावा लागतो. त्यामुळे पहिल्या अर्जाची तारीख नावीन्याची तपासणी आणि परदेशातील हक्क या दोन्हींसाठी निर्णायक असते.