बुलढाणा जिल्ह्यातील परसबागा

बुलढाणा जिल्ह्यातील परसबागा म्हणजे महाराष्ट्राच्या अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्यात घराच्या मागील वा बाजूच्या मोकळ्या जागेत, तसेच शाळा व अंगणवाडीच्या आवारात, मुख्यतः घरच्या आहारासाठी केली जाणारी भाजीपाल्याची व फळझाडांची लागवड होय. घराच्या मागील जागेला 'परस' किंवा 'परसू' म्हणतात. त्यावरून हा शब्द आला. अलीकडे शासकीय लिखाणात 'पोषण परसबाग' ही संज्ञा रूढ झाली आहे. ही लागवड घरोघरी वेगवेगळी होत असली, तरी तिचे बियाणे, मार्गदर्शन आणि स्पर्धा यांचा व्यवहार गावपातळीवर सामूहिक असतो व तो प्रामुख्याने महिलांच्या बचत गटांकडून चालविला जातो. शेगाव येथील श्री गजानन महाराज संस्थानचे 'आनंद सागर' हे उद्यान या प्रकारात मोडत नाही. ते भाविक व पर्यटकांसाठी उभारलेले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

जिल्ह्यात एकूण १३ तालुके आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे त्यांचे 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' असे दोन भाग पडतात व बोलण्यातही हाच भेद वापरला जातो. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर आणि लोणार हे तालुके घाटावर असून मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली येतात. घाटाखालचे पाणी पूर्णा नदीतून तापीला मिळते. पैनगंगा ही गोदावरीच्या खोऱ्यातील नदी बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावून घाटावरून आग्नेयेकडे वाहते.

परसबागेच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. घाटावर पाणी गोडे असते, पण अनेक गावांत जमीन उथळ व मुरमाड असल्याने विहिरी उन्हाळ्यात लवकर आटतात. घाटाखाली जमीन खोल व काळी आहे. मात्र पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून 'खारपाण पट्टा' गेला आहे. या पट्ट्यात भूजल खारे असून जमिनीत सोडियमचे प्रमाण अधिक आहे. अशी जमीन ओली असताना चिकट होते, निचरा होऊ देत नाही आणि वाळली की तिला खोल भेगा पडतात. एप्रिल-मे महिन्यांत घाटाखाली तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. जवळच पाण्याने भरलेली विहीर असूनही तिच्या पाण्यावर वाफे जगत नाहीत, अशी स्थिती या पट्ट्यातील गावांत आढळते.

पिके आणि लागवडीचा काळ

पावसाळी लागवड मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होते. दोडके, कारले, दुधी भोपळा, काकडी, वाल व तोंडली यांचे वेल कुंपणावर, मांडवावर किंवा छपरावर चढविले जातात. भेंडी, गवार, चवळी, वांगी, मिरची आणि अंबाडी वाफ्यांत घेतात. हिवाळ्यात मेथी, पालक, मुळा, टोमॅटो आणि सांभार (कोथिंबिरीचे वऱ्हाडातील नाव) यांची लागवड होते. कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू किंवा पपई असते. घोळ, तांदुळजा व चिवळ या भाज्या पेरल्याशिवायही उगवतात. अनुभवी बाई खुरपणी करताना त्या तण म्हणून उपटून टाकत नाही.

कीड आवरण्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क, राख आणि गोमूत्र यांचा वापर होतो. टोमॅटोच्या कडेने झेंडू लावण्याची पद्धत फुलांसाठी आणि पिकाच्या संरक्षणासाठी अशी दुहेरी उपयोगाची आहे. मोकाट गुरे, शेळ्या, डुकरे आणि डोंगरालगतच्या गावांत माकडे यांच्यापासून बचावासाठी काट्यांचे कुंपण घालतात, तर कोठे जुन्या साड्या बांधतात.

मंडलाकार रचना

पूर्वी परसबागेला ठरावीक आकार नव्हता. महिला गटांच्या प्रशिक्षणांतून आता गोल आखणीची बाग दाखविली जाते. वर्तुळाचे सात वाफे पाडून आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी एका वाफ्यातील भाजी काढावी, वाफ्यांमधील वाटांवर कमानी करून वेल सोडावेत आणि मधल्या जागेत ओला कचरा कुजवावा, अशी तिची कल्पना आहे. 'गंगा माँ मंडल' या नावाने ओळखली जाणारी ही रचना दीपक सचदे यांनी प्रचारात आणली. त्यांच्या 'नॅच्युएको' शेतीविचाराचे मूळ कोल्हापूरचे गणितज्ञ श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'त आहे. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावेत व त्यांचे निष्कर्ष एकमेकांना सांगावेत, हे प्रयोग परिवाराचे सूत्र होते.

३० फूट व्यासाच्या मंडलाला सुमारे ७०० चौरस फूट जागा लागते. दाट वस्तीच्या गावठाणात एवढे परस फार थोड्या घरांना असते. त्यामुळे प्रत्यक्षात अर्धवर्तुळ, दोन-चार सरळ वाफे, पोती किंवा जुनी घमेली यांवरच भागविले जाते. आहाराच्या दृष्टीने आकारापेक्षा वाफ्यांतील पिकांची विविधता अधिक महत्त्वाची ठरते.

बचत गट आणि बियाण्यांची देवाणघेवाण

ग्रामीण महिलांचे गट बांधण्याचे काम राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) आणि २०११ पासून महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजेच 'उमेद', यांच्यामार्फत होते. उमेदच्या रचनेत गावातील गट मिळून ग्रामसंघ आणि ग्रामसंघ मिळून प्रभागसंघ तयार होतो. 'कृषी सखी' ही गावातीलच प्रशिक्षित महिला वाफे आखणे, जीवामृत तयार करणे, बीजप्रक्रिया इत्यादी गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवते. तांत्रिक साहाय्य कृषी विभाग आणि कृषी विज्ञान केंद्रे करतात. जिल्ह्यात बुलढाणा व जळगाव जामोद येथे अशी केंद्रे असून, विदर्भासाठीचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) शेजारच्या अकोला येथे आहे.

गटाची बैठक बचतीच्या हिशेबासाठी भरते. बियाण्यांची देवाणघेवाण त्याच बैठकीत होते. दोडक्याचे एक पक्व फळ वेलावरच वाळवून ठेवले, तर त्यातील बिया अनेक घरांना पुरतात. वाल व चवळीचे बी राखेत घोळवून मडक्यात ठेवण्याची आणि भोपळ्याचे बी चुलीच्या धुरापाशी टांगण्याची जुनी पद्धत ज्येष्ठ महिला नव्या सुनांना शिकवतात. मोफत वाटल्या जाणाऱ्या पाकिटांत संकरित बियाणे असल्यास त्याच्या पुढच्या पिढीत मूळ गुण टिकत नाहीत व दरवर्षी नव्या पाकिटाची वाट पाहावी लागते. या कारणाने गावरान बी राखणाऱ्या महिलेला गटात मान असतो. लेक सासरी जाताना आईने बियांची पुरचुंडी दिल्याने एखादा वाण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात पोहोचतो, त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही.

जास्तीची भाजी शेजारी दिली जाते, क्वचित आठवडी बाजारात विकली जाते, तर उरलेली वाळवून ठेवली जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी गावांत परसातील भाजीला रानभाज्यांची जोड मिळते. राज्यात २०२० पासून ९ ऑगस्ट या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागातर्फे रानभाजी महोत्सव भरविले जातात व त्यांत महिला गट भाज्या आणि पाककृती मांडतात.

शाळा व अंगणवाड्या

केंद्रीय शिक्षण खात्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. माध्यान्ह भोजनाच्या खिचडीत ताजी भाजी पडावी आणि मुलांना लागवडीची ओळख व्हावी, हा त्यामागील हेतू आहे. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे पेरणीचा पहिला हंगाम बहुधा हुकतो. दिवाळीनंतरची पालेभाजी मात्र मुलांच्या हातून चांगली होते. मे महिन्यात पाणी घालणारे कोणी नसल्याने शेवग्यासारखी झाडेच तेवढी तग धरतात. अंगणवाडीची बाग शिक्षणखात्याच्या सुट्ट्यांवर अवलंबून नसल्याने ती टिकण्याची शक्यता अधिक असते. मात्र अनेक अंगणवाड्यांना स्वतःचे आवार वा नळ नसतो.

स्पर्धा

८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानांतर्गत दरवर्षी सप्टेंबर हा 'पोषण माह' म्हणून पाळला जातो. पाककृती स्पर्धा, भाज्यांची प्रदर्शने आणि परसबागांची पाहणी हे कार्यक्रम याच महिन्यात होतात. गावाला एकत्र येण्याचे ते चांगले निमित्त असते. महिला एकमेकींच्या बागा पाहतात, बी मागून घेतात. परंतु सप्टेंबरात पावसामुळे सर्वच बागा हिरव्या असतात. बागेची खरी परीक्षा एप्रिलमध्ये होते, तेव्हा बाजारातील भाजी महागलेली असते आणि बहुतेक वाफे कोरडे पडलेले असतात. त्या महिन्यात पाहणी होत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचविलेली आहेत. चार प्रौढांच्या कुटुंबाला या हिशेबाने रोज १ किलो ६०० ग्रॅम भाजी लागते. लहान परसबाग वर्षभर एवढी गरज भागवू शकत नाही. पालेभाजी, शेवगा आणि हिरवी मिरची यांसाठी पैसे मोजावे लागू नयेत, इतपत तिचा आधार असतो. मजुरीवर चालणाऱ्या घरात हा आधारही मोठा असतो, कारण हाती पैसा नसला की पहिली काटछाट भाजीवर होते व ती बहुधा घरातील स्त्रीच्या ताटातून सुरू होते.

पाणी

उन्हाळ्यात परसबाग न्हाणी व मोरीच्या पाण्यावर जगते. स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याच्या विल्हेवाटीचा एक मार्ग म्हणून शोषखड्ड्याबरोबर परसबागेलाही स्थान देण्यात आले आहे. तथापि सर्व सांडपाणी सारखे नसते. भाजी, तांदूळ व डाळ धुतलेले पाणी सर्वात उपयुक्त. कपडे धुतलेल्या पाण्यात साबण व सोड्यामुळे सोडियम असते आणि ते खारपाण पट्ट्यातील आधीच बिघडलेल्या जमिनीला आणखी बिघडवते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर सांडपाणी सोडू नये, ते केळी, पपई किंवा शेवग्याच्या आळ्यात वाळू-खडीतून गाळून द्यावे, असे प्रशिक्षणांत सांगितले जाते.

खारपाण पट्ट्यात पालक व बीट ही क्षार बऱ्यापैकी सोसणारी पिके घेणे, घेवडा, गाजर व कांदा ही संवेदनशील पिके टाळणे, वाफे उंच करून त्यांत शेणखत भरपूर मिसळणे आणि जमीन सुधारण्यासाठी जिप्सम वापरणे हे उपाय आहेत. छपरावरचे पावसाचे पाणी साठविल्यास हिवाळी रोपे उभी राहतात, परंतु घरगुती टाकीतील साठा मेपर्यंत पुरत नाही. घाटावरच्या टंचाईच्या गावांत टँकरचे पाणी बागेला घालणे शक्य नसते. तेथे फेब्रुवारीनंतर पालेभाज्या बंद करून केवळ शेवगा, कढीपत्ता आणि एखादा तोंडलीचा वेल जगवला जातो. मडक्याच्या बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात वात घालायची व ते खोडाशी ठेवायचे, ही त्यासाठीची कमी पाण्याची युक्ती आहे.

मर्यादा

भूमिहीन व भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना परस नसते, आणि आहारातील उणीव याच कुटुंबांत अधिक जाणवते. काही गावांत गट मिळून शाळेची, ग्रामपंचायतीची किंवा एखाद्या सभासदाच्या शेताच्या बांधाची जागा वापरतात. अशा सामूहिक बागेत पाणी कोणी घालायचे आणि भाजी कशी वाटायची, यावरून होणारे वाद मिटविण्याचे काम ग्रामसंघाकडे येते. सोयाबीन व कापसाच्या हंगामात महिला दिवसभर शेतावर असल्याने पाणी घालणे, खुरपणे ही कामे पहाटे किंवा अंधार पडल्यावर उरकली जातात. पुरुषांचा सहभाग बहुधा कुंपण घालणे व मांडव उभारणे यापुरता असतो.