‘फकिरा’तील हजेरी
लकडगंजात लाकडाच्या टाली आहेत, आरामशिनी आहेत. तिथे खपणाऱ्या माणसाला ‘हजेरी’ हा शब्द शिकवावा लागत नाही. हजेरी लागली तर रोज मिळतो. त्याचा पोरगा शाळेत जातो, तिथेही हजेरीच. म्हणून अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) वाचून कठीण शब्दांची यादी करा म्हटले, की या वस्तीतला विद्यार्थी ‘जोगणी’ लिहितो. ‘हजेरी’ लिहीत नाही.

जोगणी हा शब्द वारणेच्या खोऱ्यातला. वैदर्भीय पोराला तो परका. पण कादंबरीच तो उलगडून देते. जोगणी ज्या गावी जाईल तिथे जत्रा जाते, म्हणून राणोजी शिगावची जोगणी वाटेगावला पळवून आणतो आणि त्यापायी जीव गमावतो. एवढे वाचल्यावर कोश कशाला हवा?

हजेरीचे तसे नाही. मांगांवर सरकारी हजेरी लादली जाते, हे वाचून वाचक ‘कळले’ म्हणतो आणि पान उलटतो. त्याला काहीच कळलेले नसते. सबंध जमातीची हजेरी घेण्याची ही रीत इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात बसवली. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सबंध ब्रिटिश हिंदुस्थानभर झाली. जमात एकदा गुन्हेगार जाहीर झाली, की माणसांची नावे नोंदवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजर राहायला लावायचे. कोणी चोरी केली की नाही हा प्रश्नच नाही. त्या घरात जन्मला एवढा पुरावा पुरे! (मनूलाही हे सुचले असते.) मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. कायद्याच्या आधीच्या कोशात ही हजेरी सापडणार कशी?

१९२० साली वाटेगावात मांगाच्या घरी जन्मलेल्या अण्णाभाऊंना हा शब्द फोडून सांगावासा वाटला नाही. त्यांच्या पहिल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांत ती आठवण ताजी होती. कायदा रद्द झाला १९५२ साली. पण ‘फकिरा’ आली त्याच १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीच्या जागी ‘सराईत’ माणूस आला, नोंदवही मात्र राहिली. पारध्याच्या बेड्यावरून वर्गात आलेल्या मुलाला हा अर्थ बहुधा आजोबांकडूनच मिळालेला असतो. शब्दार्थ सांगायला फळ्यापाशी त्यालाच बोलवावे.